फ्लॅशगनची खांदशेकणी

भाऊजींच्या घरी बैल कधीच नव्हते. त्यांच्याकडे दोन बॅटऱ्या होत्या, आणि त्या बॅटऱ्यांचं त्यांनी जेवढं केलं तेवढं आमच्या सावळखेडात कोणी बैलाचंही केलं नसेल. हे मी बैलवाल्या घरातला माणूस म्हणून सांगतो आहे, मत्सर म्हणून नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, विमलताईचे यजमान, रामराव. दारव्ह्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लोक खिशातून मोबाईल काढून आपले फोटो आपणच काढू लागले, तेव्हा त्यांनी शटर ओढलं आणि एक रोलचा कॅमेरा, एक दांडीवाली फ्लॅशगन आणि तिच्या दोन बॅटऱ्या एवढा संसार घेऊन ते सावळखेडला राहायला आले. बॅटरी म्हणजे साबणाच्या वडीएवढा काळा ठोकळा. आत सहा सेल, आणि एका टोकाला तांब्याच्या दोन पट्ट्या. एक बॅटरी दांडीत, एक खिशात. एक दमली की दुसरी. दोन्हींच्या आतले सेल नागपूरहून एकाच दिवशी बदलून आणलेले, म्हणून भाऊजी त्यांना जोडी म्हणत.

ताई शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन ती स्टुडिओत गेली तेव्हा बॅटरी कशी सांभाळायची हे तिला कळावं म्हणून भाऊजींनी सगळं बैलाच्या भाषेत सांगितलं.

"अवं, बैल अर्धा दमला असतानी सोडला, अर्धी वैरण टाकली न् पुन्हा जुंपला, असं रोज केलं तं तो अर्ध्या पोटालेच भरलं पोट समजते. मंग अर्ध्या वावरात बसून घेते. हे बी तसंच. पुरी खाली होऊ द्याची, मंगच चारजिंगले लावाची."

पुढचे नियमही तसेच. चौदा तास चारायचं, जास्त चारलं तर पोट फुगतं. उन्हाळ्यात पाण्याच्या माठाजवळ सावलीत बांधायचं. नवी बॅटरी म्हातारीच्या जोडीला जुंपायची नाही. आणि त्या तांब्याच्या पट्ट्या म्हणजे मान. "जू इथीच बसते. मान खराब झाली का जनावर गेलं," असं म्हणत भाऊजी शाळेतल्या पोरांच्या खोडरबरानं ती मान महिन्यातून एकदा घासून लख्ख करत. ताई भाजी निवडत ऐकायची आणि "हो का" म्हणायची. तिचं लक्ष नाही असं भाऊजींना वाटायचं, आणि मलाही.

फ्लॅशगन नुसती पडून राहिली तर आतून आळसावते, म्हणून महिन्यातून एकदा तिला वीस-पंचवीस वेळा चमकवावं लागतं. लक्षात राहावं म्हणून भाऊजींनी त्यासाठी अमावस्या धरली. पोळ्याची सोडून दर अमावस्येला दिवेलागणीला खोलीचं दार लोटून ते भिंतीकडे फ्लॅश मारत बसायचे आणि खिडकीतून विजा चमकायच्या. व्हायचं तेच झालं. एकदा महागावहून एक माणूस नारळ आणि पाच लिंबं घेऊन दारात येऊन बसला. बायको माहेरून येत नव्हती. भाऊजींनी त्याला आत घेतलं, त्याचा पासपोर्ट फोटो काढला आणि परत पाठवलं. बायको आली म्हणतात.

एवढी सगळी सेवा कशासाठी, तर वर्षातून एका फोटोसाठी. आमच्याकडे पोळ्याला दिवस मावळता मावळता मानाची जोडी तोरणाखाली येते, मग तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. तोरण तुटायच्या आधी भाऊजी त्या जोडीचा एक फोटो काढत, स्टुडिओ होता तेव्हाही दारव्ह्याहून येऊन. एकच. असे चव्वेचाळीस वर्षांचे चव्वेचाळीस फोटो मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर ओळीनं टांगलेले आहेत. फ्लॅशचा उजेड पंधरा फुटांपुढे जात नाही, त्यामुळे सगळे फोटो सारखेच: सजलेले दोन बैल, कासरा धरलेला एक माणूस आणि मागे काळाकुट्ट अंधार. करोनाच्या वर्षी आमच्या जोडीला मुसकी होती आणि मलाही होतं, एवढाच काय तो फरक.

आमची जोडी म्हणतो, कारण मान आमच्या घराण्याचा होता. चव्वेचाळीस फोटोंत आधी माझे वडील आहेत, मग मी. आणि यंदा चैत्रात मी बैल विकून ट्रॅक्टर घेतला.

भाऊजी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच म्हणाले, "पोयाले त्याले काय चारसान साळेबुवा? पुरनपोयी टाकीत टाकसान का?"

गावात आता सहाच जोड्या उरल्या होत्या. पंचायतीनं मान बंजारा तांड्यावरच्या खेमसिंगला दिला. खेमसिंगच्या बैलांची नावं ठाणेदार आणि पटवारी. ठाणेदार येणाऱ्या-जाणाऱ्यावर उगाच फुरफुरतो, आणि पटवारी काहीतरी खाल्ल्याशिवाय जागचा हलत नाही. मान मिळाला त्याच संध्याकाळी खेमसिंग भाऊजींकडे आला. मी तिथेच होतो, पण तो माझ्याकडे न बघता बोलला.

"रामरावजी, माह्या बापाची जोडी लायनीच्या शेवटी उभी राहे. माही बी तिथीच. तुमचा उजेड तथीवर कधी आलाच नाई. यंदा समोर हावो. फोटो येईन ना?"

"येईन," भाऊजी म्हणाले. "माहा शब्द हाये."

खेमसिंगनं देवळाच्या भिंतीवर पंचेचाळिसाव्या फोटोसाठी स्वतःच्या हातानं खिळा ठोकून ठेवला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून दुखावलेले बैलांचे खांदे कोमट तूप-हळदीनं पळसाच्या पानानं चोळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं. भाऊजी त्या दिवशी सकाळीच रोल आणायला यवतमाळला गेले होते. दोन्ही बॅटऱ्या त्यांनी त्याच्याही आदल्या दिवशी पुऱ्या खाली करून, मऊ फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवल्या होत्या.

संध्याकाळी माझ्या बायकोनं सवयीनं तूप-हळद गरम केली आणि वाटी माझ्या हातात दिली. मी गोठ्यात गेलो. गोठ्यात ट्रॅक्टर उभा होता. मला फार वाईट वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. वाटी परत नेऊन देववेना, म्हणून तशीच घेऊन ताईकडे गेलो.

"ताई, ह्याचं काय करू?"

ताईनं वाटीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग माठाकडे पाहिलं.

"आन इकडं," ती म्हणाली. "इतकी वर्स राबून राह्यली ही जोडी. हिचं कोनं कधी केलंच नाई."

मी तिला अडवायला हवं होतं. पण मला त्या क्षणी कोणाचे तरी खांदे शेकायचेच होते. मी पळसाचं पान धरलं. ताईनं फडकं सोडलं, दोन्ही बॅटऱ्या पाटावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि तूप लावलं. पाठीला थोडं, आणि मानेला भरपूर, कारण जू तिथेच बसतं. पट्ट्यांच्या फटीतही बोटानं नीट चोळलं. मग पदर सावरून दोघींना म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वरवर पुसून तिनं त्या पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवल्या. मला बरं वाटलं. आपण काहीतरी चांगलं केलं असंच वाटलं.

भाऊजी जीपमध्ये कोंबून घेऊन परत आले तेव्हा गावात लाईट नव्हती. त्यांनी अंधारात चाचपत दोन्ही बॅटऱ्या चार्जरवर बसवल्या. जेवणाच्या वेळेला लाईट आली आणि चार्जरचा लाल दिवा लागला. तो दिवा बॅटरी नसली तरी लागतो, हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. घरात तुपाचा वास होता, पण सणाच्या घरात तो असतोच. सकाळी बरोबर चौदा तासांनी त्यांनी बॅटऱ्या काढल्या आणि चालवून पाहिल्या नाहीत.

"एकदा चमकवून पाहा ना," मी म्हणालो.

"पोयाच्या दिवसी जनावर जुंपत नाई," भाऊजी म्हणाले.

"मंग फोटो?"

"एक फोटो म्हंजे जुंपनं नाई. मिरवनं हाये थे."

संध्याकाळी देवळापुढच्या मैदानात सहा जोड्या आणि अकरा ट्रॅक्टर जमले. ट्रॅक्टरवाल्यांनी फुगे लावले होते. मी बॉनेटवर जुनी झूल टाकली होती, ती भाऊजींनी पाहिली आणि मान फिरवली. तोरणाखाली खेमसिंग नवा फेटा बांधून उभा होता. त्याच्या बायकोनं, धुरपताबाईनं, बैलांना आरशांची झूल स्वतः शिवली होती. पटवारीला दोन पुरणपोळ्या चारल्यावर तो जागेवर आला. गावचा कोतवाल उकंडा तोरणाची दोरी धरून भाऊजींच्या इशाऱ्याची वाट बघत होता. सूर्य गेला. भाऊजींनी फ्लॅशगनचं बटण सरकवलं.

एरवी फ्लॅशगन डासासारखी बारीक गुणगुणते, आवाज चढत जातो आणि मागचा दिवा लागतो. आज काहीच नाही. भाऊजींनी ती कानाला लावली. मग खिशातली दुसरी बॅटरी घातली. काहीच नाही.

"रामरावजी, अंधार पडून राह्यला," उकंडा म्हणाला.

भाऊजींनी बॅटरी बाहेर काढली आणि मानेवरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं. वाजंत्री थांबली, लोक थांबले.

"हे हयद-तूप कोनं लावलं?"

मी माझ्या ट्रॅक्टरचे फुगे मोजू लागलो. बायकांच्या घोळक्यातून ताई आरतीचं ताट घेऊन पुढे आली.

"मी."

"काहून?"

"काल खांदशेकनी होती ना. तुमीच तं सांगतलं, मान जपा लागते म्हून."

आधी कोणीतरी एक हसलं, मग सगळं मैदान हसलं. मी मात्र हसलो नाही. चार्जरला हात लावला म्हणून ह्या माणसानं एकदा नवरदेवाला मुंडावळ्यांसकट स्टुडिओबाहेर काढला होता. भाऊजी ताईकडे वळले.

"आवतन बी देलं?"

"देलं."

"दोघीईले?"

"दोघीईले."

भाऊजींनी बॅटरी रुमालात गुंडाळली आणि वरच्या खिशात ठेवली. "मले वाटे तू आयकूनच नाई राह्यली," ते म्हणाले.

"आयकतच होती," ताई म्हणाली. "बोलाचं काय होतं त्याच्यात."

त्यांचा राग कुठे गेला ते मला दिसलं नाही, पण तो गेला. उरला खेमसिंग. तो एकदा तोरणाकडे आणि एकदा भाऊजींच्या हातातल्या मुक्या फ्लॅशगनकडे बघत होता. फेट्याखालचा त्याचा चेहरा पार उतरला होता.

"म्हंजे नाई येत फोटो," तो म्हणाला. "असू द्या. पुढच्या साली कोनाचा मान राह्यते, काय मालूम."

पोरांनी मोबाईलचे दिवे लावून हात वर केले. भाऊजींनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. "काजव्याईनं फोटो निंगत नाई," ते म्हणाले. तेव्हा ताई माझ्याकडे वळली.

"वामन, तुया टॅक्टरले दिवे हायेत का नुसते फुगेच?"

मी चढून ट्रॅक्टर चालू केला आणि दिवे बैलांवर टाकले. ठाणेदार फुरफुरला. भाऊजी तरातरा माझ्याकडे आले.

"टॅक्टरच्या उजेडात बैलाचा फोटो? बंद करा थो."

"त्यालेबी बॅटरीच असते म्हन्तेत," ताई मागून म्हणाली. "मान पाहाची असन तं पाहून घ्या."

तुम्हाला खोटं वाटेल, पण भाऊजींनी खरंच ट्रॅक्टरची बॅटरी उघडायला लावली. खिशातल्या टॉर्चचा उजेड पाडून आत पाहिलं. "पट्ट्याईवर पांढरी बुरशी चढली," ते मला म्हणाले. "निगा राखता येत नाई तं जनावर घेता कायले?" चार लोकांत बोलले. पण दिवे बंद करा असं पुन्हा म्हणाले नाहीत, आणि म्हणून मी बाकीच्या दहा जणांना हात केला. अकरा ट्रॅक्टर अर्धगोल करून उभे राहिले आणि सगळ्यांनी दिवे टाकले. खेमसिंग बैलांच्या कानाशी तांड्याच्या गोर बोलीत काहीतरी पुटपुटत राहिला तेव्हा ते शांत झाले. काय बोलला ते मला कळलं नाही, पण ठाणेदाराला कळलं.

तरी अडचण होतीच. फ्लॅशपेक्षा हा उजेड फार कमी. कॅमेऱ्याचं दार अर्धा सेकंद उघडं ठेवावं लागणार, आणि तेवढ्या वेळात भाऊजींचा पंचाहत्तरीचा हात हलणार. स्टँड त्यांनी आणलाच नव्हता, फ्लॅश असताना तो लागत नाही.

"साळेबुवा, खांदा द्या."

"भाऊजी, खांदा मांगाले लई वेळ हाये अजून तुमाले."

"वाका. न् श्वास घेऊ नका."

मी गुडघ्यांवर हात टेकून वाकलो. त्यांनी कॅमेरा माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. आता माझ्या डोळ्यांसमोर तोरण होतं. जिथे माझा बाप उभा राहायचा, जिथे मी उभा राहायचो, तिथे खेमसिंग उभा होता, आणि बैल माझे नव्हते. मला नजर खाली घालावीशी वाटली. मग त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडलेला दिसला आणि मी नजर तिथेच ठेवली. माणूस एवढा ताठ उभा होता की श्वास त्यानंही रोखला असावा. मी खांदा हलू दिला नाही. कानाशी खट् झालं, मग थोडी शांतता, मग पुन्हा खट्.

"होऊ द्या," भाऊजी म्हणाले. उकंडानं दोरी ओढली आणि पोळा फुटला.

रोल धुवायला नागपूरला गेला तो दसऱ्यानंतर आला. फोटो टांगायला आम्ही देवळात गेलो: भाऊजी, ताई, मी आणि खेमसिंग. ठाणेदार स्पष्ट आला होता. पटवारीचा एक कान हलला होता, "पटवारी पूर्ण हाजिर कधी असते का?" खेमसिंग म्हणाला. तो स्वतः फेट्याच्या झिरमिळ्यांसकट आला होता. त्यानं ठोकलेल्या खिळ्यावर त्यानंच फोटो लावला आणि दोन पावलं मागे जाऊन नुसता बघत राहिला.

मग आम्हाला दुसरी गोष्ट दिसली. ह्या फोटोत मागे अंधार नव्हता. ट्रॅक्टरच्या उजेडात सगळं मैदान आलं होतं. देवळाची पायरी, कडुनिंब, धुरपताबाई, पोरंसोरं, आणि कडुनिंबाखाली आरतीचं ताट धरलेली ताई. सगळे बैलांकडे बघत होते. ताई भाऊजींकडे बघत होती.

भाऊजी त्या फोटोपासून मागच्या फोटोकडे गेले, तिथून त्याच्या मागच्या. प्रत्येक फोटोत कडुनिंबाची जागा काळी होती. त्यांनी अशा बऱ्याच काळ्या जागा पाहिल्या आणि परत आले.

"तू इथीच उभी रायते का?"

"दर साली," ताई म्हणाली. मग चष्मा वर करून तिनं फोटो जवळून पाहिला. "पदर पाहा कसा वाकडा आला. सांगाचं तरी होतं."

भाऊजींनी घरी जाऊन दोन्ही बॅटऱ्यांच्या माना स्पिरिट आणि खोडरबरानं साफ केल्या आणि चौदा तास चारल्या. जोडी ठणठणीत निघाली; तुपाच्या थरानं वीज आत शिरलीच नव्हती, एवढंच. तुपानं कोणाचं काही बिघडत नाही असं ताईचं अजूनही मत आहे. पुढच्या अमावस्येला त्यांच्या खिडकीत नेहमीसारख्या विजा चमकायला लागल्या, म्हणून मी डोकावलो. फ्लॅशगन भिंतीकडे नव्हती. समोर खुर्चीवर ताई बसली होती आणि कॅमेऱ्यात रोल होता. पदर सरळ येईपर्यंत फोटो काढायला लावून तिनं अर्धी बॅटरी संपवली. आणि पुरी खाली केल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, हा भाऊजींचाच नियम, त्यामुळे उरलेली अर्धीही त्यांना तिच्यावरच संपवावी लागली.